तिहेरी शर्यत आणि जुना गुडघा

मुंबई-आग्रा हमरस्त्यावर, इगतपुरी आणि नाशिक यांच्या दरम्यान, घोटी नांवाचें आमचें गांव आहे. भाताची बाजारपेठ म्हणून तें ओळखलें जातें, आणि कळसूबाईची डोंगररांग त्याच्या दक्षिणेस उभी आहे. अशा गांवांत चाळिशी ओलांडलेला एखादा गृहस्थ डोक्यावर शिरस्त्राण चढवून भल्या पहाटे सायकल हाणीत निघाला, म्हणजे चहाच्या दुकानांतले लोक ‘काय अण्णा, दिल्ली गांठायचा बेत आहे कीं काय?’ असें विचारल्यावांचून राहत नाहींत. हा प्रश्न गेले कित्येक महिने मला विचारला जात आहे. माझा बेत दिल्लीचा नाहीं. मला एक लहानशी ट्रायथलॉन पुरी करावयाची आहे, आणि तीहि वीस वर्षांपूर्वीं कबड्डींत दुखावलेल्या गुडघ्यानिशीं. ज्यांच्या अंगांत असें एखादें जुनें दुखणें दबा धरून बसलें आहे, आणि तरीहि ज्यांच्या मनांत कांहीं करून पाहण्याची हौस शिल्लक आहे, त्यांच्यासाठीं आजचे हे चार शब्द आहेत.

ट्रायथलॉन म्हणजे तिहेरी शर्यत. आधीं पोहावयाचें, पाण्यांतून निघतांच सायकलीवर बसावयाचें, आणि सायकल ठेवून धांवत सुटावयाचें; मध्यें घड्याळ थांबत नाहीं. हा खेळ फार जुना नाहीं. अमेरिकेंतील सॅन दिएगो शहरीं, तेथील धांवपटूंच्या मंडळानें २५ सप्टेंबर १९७४ रोजीं मिशन बे येथें अशी शर्यत भरविली आणि तींत ४६ जण उतरले. रोज त्याच मैदानाला फेऱ्या घालण्याच्या कष्टांवर कांहीं वेगळा उतारा असावा, एवढाच तिच्या मुळाशीं हेतु होता. पुढें १९७८ च्या फेब्रुवारींत हवाई बेटांत ३.८ कि.मी. पोहणें, १८० कि.मी. सायकल आणि ४२.२ कि.मी. धांवणें अशी प्रचंड शर्यत झाली. १५ जण निघाले आणि १२ जण पोचले. ‘आयर्नमॅन’ म्हणून जगभर गाजलेली शर्यत ती हीच. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें ट्रायथलॉनला स्थान मिळालें, आणि २०१९ च्या ऑक्टोबरांत गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराची शर्यतहि झाली.

आमच्या नाशिक जिल्ह्यालाहि दमसासाच्या खेळांचें वेड नवें नाहीं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका खंड सायकलीनें ओलांडण्याची शर्यत जोडीनें पुरी केली. नाशिकचे तेव्हांचे पोलीस आयुक्त रवींद्रकुमार सिंगल यांनीं २०१८ सालीं फ्रान्समध्यें आयर्नमॅन पार पाडली. अशीं उदाहरणें कानांवर आलीं म्हणजे नवख्या माणसाचे बाहु फुरफुरूं लागतात. परंतु त्यानें आपली मजल इतरांच्या कर्तबगारीवरून ठरवूं नये. या खेळांत ७५० मीटर पोहणें, २० कि.मी. सायकल आणि ५ कि.मी. धांवणें असा एक छोटा प्रकार आहे. पहिल्या प्रयत्नास तो पुरेसा आहे. आणि जुनी दुखापत असेल त्याला तर तो पुरून उरेल एवढा आहे.

आतां त्या दुखापतीकडे वळूं. माझ्या उजव्या गुडघ्यांत, मांडीचें हाड आणि नळीचें हाड यांच्यामध्यें कूर्चेची जी लवचिक गादी असते, तिला चढाई करतांना एकाएकीं वळल्यामुळें चीर पडली होती. त्या वेळीं ती दुखून थांबली, सूज उतरली, संसार सुरू झाला, आणि गुडघ्याची आठवण पावसाळ्यापुरती उरली. अशा गुडघेवाल्यानें पहिलें पाऊल मैदानांत टाकूं नये. तें अस्थिरोगतज्ज्ञाच्या दारांत टाकावें. अस्थिबंध सैल आहेत काय, गुडघा मध्येंच अडकतो काय, पायांतील बळ दोहींकडे सारखें आहे काय, हें आपल्या डोळ्यांना दिसत नाहीं. मला तज्ज्ञानें तपासून परवानगी दिली ती तीन अटींवर: आधीं मांडी आणि कंबर यांचे स्नायु बळकट करावे, धांवणें सर्वांत शेवटीं आणि सर्वांत हळू वाढवावें, आणि सूज आली कीं थांबावें.

या तीन अटींचा मथितार्थ आमच्या शिवारांतला शेतकरी एका वाक्यांत सांगेल. बैलजोडींत एक बैल तगडा आणि दुसरा थकलेला असला, तर गाडीची चाल कोणत्या बैलाच्या जिवावर ठरवावयाची? थकलेल्या बैलाच्या. तगड्याच्या चालीनें गाडी हांकली, तर पहिला कोस मोठ्या झोकांत जाईल आणि दुसऱ्या कोसाला गाडी चिखलांत बसेल. आपल्या शरीरांतहि अशीच विजोड जोडी जुंपलेली असते. नियमित श्रम सुरू केले कीं दमसास कांहीं आठवड्यांतच वाढतो. स्नायूंना बळ यावयास दोन-तीन महिने लागतात. परंतु स्नायु हाडांस जखडणाऱ्या कंडरा आणि हाडें परस्परांस बांधणारे अस्थिबंध यांना रक्ताचा पुरवठा तुटपुंजा असतो, आणि कूर्चेच्या आंतल्या भागाला तर तो जवळजवळ नसतोच. त्यांना वाढलेला भार अंगवळणीं पडावयास कित्येक महिने लागतात. म्हणून सहाव्या आठवड्याच्या सुमारास एक मोठा फसवा दिवस उगवतो. श्वास मोकळा चालतो, मन म्हणतें ‘आज दुप्पट धांवूं’, हृदयहि होकार देतें. गुडघ्याला मात्र कोणी विचारलेलें नसतें. नवख्यांची पुष्कळशी नवी दुखणीं या उत्साहाच्या पोटींच जन्माला येतात.

हा विचार मनांत ठेवून तिन्ही अंगांची तयारी कशी करावी, तें आतां क्रमानें पाहूं.

पहिलें अंग पोहण्याचें. आणि दुखावलेल्या शरीराला पाण्यासारखें माहेर नाहीं. कमरेपर्यंत पाण्यांत उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा सुमारें निम्माच भार पडतो, आणि गळ्यापर्यंत पाण्यांत तो सुमारें एकदशांशावर येतो. याचें थोर उदाहरण महाराष्ट्राच्याच मातींतलें आहे. सांगली जिल्ह्यांतील पेठ-इस्लामपूर येथले मुरलीकांत पेटकर हे लष्करांत होते आणि मुष्टियोद्धे म्हणून नांवारूपास आले होते. १९६५ च्या युद्धांत त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालीं अधूपण आलें. उपचार म्हणून त्यांनीं पोहणें हातीं धरलें. आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेंत, म्हणजे पॅरालिंपिकमध्यें, ५० मीटर पोहण्याचें सुवर्णपदक जागतिक विक्रमासह मिळविलें. भारताला त्या स्पर्धेंत मिळालेलें तें पहिलें सुवर्णपदक. त्यांच्या आपत्तीपुढें आपला गुडघा म्हणजे कांहींच नव्हे. परंतु जेथें शरीराला अजून वाव आहे तेथून आरंभ करावा, हा त्यांच्या चरित्राचा धडा लहान दुखण्यालाहि लागू पडतो.

आमच्याकडे पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून विहिरींत पोहावयास शिकलेली पिढी अजून आहे. तिला बुडण्याचें भय नसतें, हें मोठें भांडवल आहे. मात्र विहिरींतलें पोहणें डोकें वर काढून आणि पाणी आपटीत चालतें. डोकें वर राहिलें कीं पाय खालीं जातात आणि दहा हातांत दम संपतो. ७५० मीटर जावयाचें तर तोंड पाण्यांत ठेवून, श्वास पाण्यांतच हळूहळू सोडून, अंग आडवें लांब करावयास शिकलें पाहिजे. आणखी एक बारकी गोष्ट: बेडकासारखे पाय झाडतांना गुडघ्याच्या आंतल्या बाजूला पीळ पडतो, तेथें जुनी दुखापत असेल तर पाय सरळ ठेवून वरखालीं हलविण्याची पद्धतच बरी. हें शिक्षण नाशिकच्या सावरकर जलतरण तलावासारख्या देखरेखीच्या जागींच घ्यावें. घोटीच्या आसपास दारणा, मुकणे, भावली, वैतरणा अशीं धरणें आहेत. त्यांचें निळें पाणी खुणावतें, हें मी जाणतों. पण धरणाच्या पाण्यांत गाळ असतो, अंतर फसवें असतें, आणि हांक ऐकावयास कोणी नसतें. तेथें एकट्यानें उतरणें म्हणजे साहस नव्हे, अविचार होय. आणि जेथें मनाईच आहे तेथें तर प्रश्नच उरत नाहीं.

दुसरें अंग सायकलीचें. सायकलींत पायाला जमिनीचा धक्का बसत नाहीं, म्हणून ती गुडघ्याची मैत्रीण. पण बैठक चुकली तर तीच वैरीण होते. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेंकावेत म्हणून बैठक फार खालीं ठेवण्याची रूढि आहे. त्यामुळें प्रत्येक फेऱ्यांत गुडघा नको इतका दुमडतो आणि वाटीच्या मागें दाब वाढतो. घरच्या घरीं करावयाची परीक्षा सोपी आहे. सायकल भिंतीला टेंकवून तिच्यावर बसावें, टांच पायडलवर ठेवावी, आणि पायडल अगदीं खालीं न्यावें. त्या वेळीं पाय सरळ झाला पाहिजे. मग टांचेच्या जागीं चवडा ठेवला कीं गुडघ्याला हवा तेवढाच बाक राहतो. दुसरी गोष्ट, जड गिअर लावून जोर करूं नये. हलका गिअर लावून पाय मिनिटाला ८० फेऱ्यांच्या आसपास फिरते ठेवावे. म्हणजे श्रम गुडघ्यावरून उठून छातीवर जातात, आणि छाती ते लौकर पेलूं लागते.

रस्त्याविषयींहि सांगितलें पाहिजे. हमरस्त्यावर अवजड मालमोटारींची रीघ असते, आणि कसाऱ्याचा घाट हें नवख्याचें शिक्षणस्थान नव्हे. घोटीहून वैतरणेकडे जाणाऱ्या रस्त्यासारखी कमी वर्दळीची वाट पहाटे उजाडल्यावर धरावी, शिरस्त्राण आणि मागचा लाल दिवा यांना सुट्टी देऊं नये, आणि पावसाळ्यानंतर खड्ड्यांची ओळख करून घेतल्याशिवाय वेग वाढवूं नये.

तिसरें अंग धांवण्याचें. आणि जुन्या गुडघ्याची खरी कसोटी येथें आहे. धांवतांना प्रत्येक पावलाला जमीन आपल्याला वजनाच्या दोन ते तीन पट जोराचा धक्का परत देते. पांच किलोमीटरांत सावकाश धांवणाऱ्याचीं सुमारें सहा हजार पावलें पडतात. म्हणजे तीन हजार वेळां हा धक्का दुखऱ्या पायाच्या वांट्याला येतो. यावरून धांवणें हें मुळांतच गुडघ्याचा घात करतें, असा निष्कर्ष कित्येक जण काढतात. तो बरोबर नाहीं. बेतानें धांवणाऱ्यांत गुडघ्याची झीज बैठ्या माणसांहून अधिक आढळत नाहीं, असेंच आजवरच्या पाहण्या सांगतात. परंतु ज्याच्या कूर्चेला एकदां इजा झाली आहे त्याला झिजेचा धोका मुळांतच अधिक असतो, आणि म्हणून त्यानें ही औषधाची मात्रा तोळामाशानेंच वाढविली पाहिजे.

मात्रा अशी. चार मिनिटें चालणें, एक मिनिट धांवणें, असे पांच-सहा फेरे. आठवड्यांतून दोनदां, आणि दोन दिवसांमध्यें निदान एक दिवस मोकळा. दोन आठवडे कांहीं तक्रार नसेल तरच तीन मिनिटें चालणें आणि दोन मिनिटें धांवणें. या हिशेबानें पांच किलोमीटरांपर्यंत पोचावयास चार महिने लागतात, आणि ते लागूं द्यावे. पावलें लांब टाकूं नयेत; नेहमींपेक्षां थोडीं आंखूड आणि थोडीं जलद टाकलीं, तर गुडघ्यावरचा भार कमी होतो, हें प्रयोगांनीं दाखविलें आहे. आणि उतारापासून सावध राहावें. १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर ज्यांनीं पायीं पाहिलें आहे, त्यांना हें वेगळें सांगावयास नको: चढतांना छाती बोलते, उतरतांना गुडघा बोलतो. म्हणून धांवण्यासाठीं शाळेचें सपाट मैदान किंवा मातीची गाडीवाट बरी.

या तिन्ही अंगांच्या मुळाशीं एक चौथें अंग आहे, आणि त्याला पदक नाहीं. तें म्हणजे स्नायूंचें बळ. आमच्या भागांत भाताची लावणी एकदम शेतांत होत नाहीं. आधीं राब भाजून लहानशा तुकड्यांत रोपें तयार करतात, आणि मग आवणी होते. राब कच्चा राहिला, तर पुढें कितीहि पाऊस पडला तरी उपयोग नाहीं. घोट्यापासून कमरेपर्यंतचे स्नायु हा आपला राब. खुर्चीवर बसून हातांचा आधार न घेतां सावकाश उठणें, चवड्यांवर उभें राहणें, पाठीवर निजून गुडघे दुमडून कंबर उचलणें, एका पायरीवर चढणें-उतरणें: आठवड्यांतून दोन-तीन वेळां वीस मिनिटें एवढें पुरतें. तालमींतल्या खोल बैठका मात्र दुखऱ्या गुडघ्यानें आरंभीं करूं नयेत. जेथवर दुखत नाहीं तेथवरच वांकावें.

इगतपुरीच्या बाजूला पावसाळ्यांत सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून आमचें वेळापत्रकहि पावसाच्या कलानें ठरतें. आषाढ-श्रावणांत घरचा व्यायाम आणि तलावांतलें पोहणें. भाद्रपदापासून उघडीप पाहून सायकल आणि चालणें. आश्विनांत धांवण्याची पहिली मिनिटें. भाताची सोंगणी आटोपल्यावर, थंडींत, तिन्ही अंगें एकत्र. शेवटच्या सहा आठवड्यांत, दर आठवड्याला एकदां, सायकलीवरून उतरून लागलीच दहा मिनिटें धांवावें. त्या वेळीं पाय आपले नव्हेत, कोणीं उसने आणून लावले आहेत, असें वाटतें. ही भावना शर्यतीच्या दिवशीं प्रथम भेटूं नये, एवढ्यासाठीं ती तालीम. आणि आठवड्याचा एक दिवस संपूर्ण विश्रांतीचा. शरीर सुधारतें तें श्रमांनंतरच्या विश्रांतींत, हें विसरूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: दुखलें तर काय करावें? कारण थोडेंबहुत दुखणारच. मीं एक वही ठेविली आहे. तींत केलेलें अंतर मी मागाहून लिहितों. आधीं लिहितों तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं गुडघा काय म्हणाला, हा मजकूर. दुखण्याला शून्यापासून दहापर्यंत गुण द्यावे. व्यायामांत दोन-तीनपर्यंत दुखलें आणि सकाळपर्यंत मावळलें, तर चाल योग्य आहे. सकाळीं तें टिकून असेल, तर पुढचा टप्पा न वाढवितां मागच्यावर यावें. आणि सूज आली, गुडघा अडकला, किंवा पाय टेंकतांच दगा देऊं लागला, तर वही मिटून तज्ज्ञाकडे जावें. दुखणें मारणाऱ्या गोळ्या घेऊन व्यायाम करणें, हें तर चोर आल्याचें सांगणाऱ्या कुत्र्याला अफू चारण्यासारखें आहे.

आमच्या घरांतून मात्र याहून सरळ प्रश्न आला. ‘मांडी घालून जेवायला बसतां येत नाहीं, आणि शर्यतीला कुठें निघालांत? उद्यां गुडघा गेला तर आवणीला चिखलांत कोण उतरणार?’ हा प्रश्न थट्टेनें उडविण्यासारखा नाहीं. ज्याचें घर त्याच्या दोन पायांवर उभें आहे, त्याला पाय पणाला लावण्याचा अधिकार नाहीं. मीं पुष्कळ विचार केला, आणि घरीं शब्द दिला तो असा: शर्यत गुडघ्यासाठीं आहे, गुडघा शर्यतीसाठीं नाहीं. शर्यतीचें निमित्त नसतें, तर मीं सहा महिने पायरीवर चढउतार केली नसती, वजन उतरविलें नसतें, आणि जिना उतरतांना कठड्याचा आधार सोडला नसता. हा लाभ पदरांत पडून चुकला आहे. शर्यत अजून व्हावयाची आहे. त्या दिवशीं सकाळीं गुडघ्यावर सूज दिसली, तर मी छातीवरचा क्रमांक काढून दोरीपलीकडे उभा राहीन आणि इतरांसाठीं टाळ्या वाजवीन. असें म्हणणें सोपें आहे, करणें अवघड जाईल, हें मला ठाऊक आहे. म्हणूनच तें आज तुम्हां सर्वांच्या साक्षीनें बोलून ठेवीत आहें.

श्रोतेहो, तरुणपणीं आपण शरीराला हुकूम करतों आणि तें निमूटपणें ऐकतें. पुढें एक वय असें येतें कीं तें अटी घालूं लागतें. कित्येक जण त्या अटी ऐकून घरीं बसतात. कित्येक त्या झुगारून देतात आणि मग नाइलाजानें घरीं बसतात. या दोहींमध्यें एक तिसरी वाट आहे, आणि ती तडजोडीची असली तरी हार मानण्याची नाहीं. अटी नीट ऐकून घ्याव्या, त्या पाळाव्या, आणि त्यांच्या आंत राहून जितकें लांब जातां येईल तितकें जावें. थकलेल्या बैलाच्या चालीनें निघालेली गाडी उशिरां पोचते खरी. पण ती दोन्ही बैलांसह पोचते.